कपाट आपलं, किल्ली कुणाची?

(सामुदायिक रेडिओ केंद्राच्या दुपारच्या महिला कार्यक्रमात दिलेलं भाषण)

मैत्रिणींनो, जेवणं उरकली असतील, भांडी घासायची राहिली असतील. रेडिओ शेजारी ठेवून कामं करत ऐकलं तरी चालेल. पण शेवटी मी काही प्रश्न सांगणार आहे, ते गटाच्या वहीत लिहून ठेवायचे आहेत. तेव्हा जिचं अक्षर चांगलं आहे तिला वही-पेन घेऊन जवळ बसवा.

मी तुमच्यातलीच, बचत गटांची समन्वयक. बी.ए. केलंय मराठी घेऊन. कॉम्प्युटरचं शिक्षण काही झालेलं नाही. गटांच्या वह्या तपासते, बँकेत कर्जाची कागदपत्रं पोचवते आणि गटांच्या वतीने आपल्या या रेडिओ केंद्राच्या समितीवर बसते. आजचा विषय आहे सॉफ्टवेअरचा परवाना. तुम्ही म्हणाल, आज हिला काय झालं? लोणच्याच्या परवान्यावर बोलायचं सोडून हे काय काढलं? पण गेल्या पावसाळ्यात याच गोष्टीने आमची झोप उडवली, आणि आपल्या आक्कांच्या ओव्या हातच्या जाता जाता राहिल्या. म्हणून सांगते.

आक्का तुम्हा सगळ्यांना माहीत आहेत. जात्यावरच्या ओव्या म्हणणाऱ्या, दर श्रावणात आपल्या रेडिओवर ऐकू यायच्या त्या. दोन वर्षांपूर्वी आम्ही त्यांना स्टुडिओत आणलं, सोबत जातंही आणलं, आणि तासाभराच्या वर ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. नंतर ते छोटं रेकॉर्डिंगचं यंत्र दुसऱ्या कामाला लागलं, त्यातलं कार्ड पुसलं गेलं. ओव्या कॉम्प्युटरमध्ये होत्या, त्यामुळे कुणाला काळजी वाटली नाही.

मृगाच्या पावसात एका रात्री वीज पडली आणि स्टुडिओतला कॉम्प्युटर बंद पडला. तालुक्याच्या दुरुस्तीवाल्याने उघडून बघितलं. म्हणाला, "मदरबोर्ड जळालाय, हार्डडिस्क शाबूत आहे." मदरबोर्ड म्हणजे ज्याच्यावर कॉम्प्युटरचे सगळे भाग बसवतात ती पाटी. हार्डडिस्क म्हणजे ज्यात सगळं साठवलेलं असतं ते. पैसे कमी होते म्हणून त्याने जुना, वापरलेला मदरबोर्ड बसवून दिला. कॉम्प्युटर सुरू झाला. गाणी, मुलाखती, सगळं दिसत होतं. आम्ही सुटकेचा श्वास टाकला. मग प्रसारणाचं सॉफ्टवेअर उघडलं, तर पडद्यावर पाटी आली: हा कॉम्प्युटर नोंदणीतला नाही, इंटरनेटला जोडून पुन्हा सक्रिय करा.

नेमका त्याच आठवड्यात रस्तारुंदीच्या खोदाईत इंटरनेटची केबल तुटलेली. आणि त्याच आठवड्यात आक्का गेल्या.

पाचव्या दिवशी त्यांची लेक केंद्रावर आली. म्हणाली, "ताई, दहाव्याच्या दिवशी सकाळी आईच्या ओव्या लावाल का? माणसं घाटावर जातील. घरी बसलेल्या म्हाताऱ्या बाया ऐकतील." मी हो म्हणून बसले. ती गेल्यावर कळलं की ओव्यांची फाइल त्याच सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या पद्धतीने साठवलेली आहे, दुसऱ्या कशात ती उघडत नाही. कपाट आमच्या घरात, आत आमच्याच आक्कांचा आवाज, आणि किल्ली दुसऱ्याकडे.

आता हे असं का होतं ते आधी समजून घेऊ.

आपण दुकानातून पातेलं विकत घेतो तेव्हा ते आपलं होतं. त्यात आमटी करा, शेजारणीला द्या, मोडीत घाला. सॉफ्टवेअर तसं मिळत नाही. आपण पैसे भरतो ते बहुतेक वेळा वापरायच्या परवानगीचे. मालकी बनवणाऱ्याकडेच राहते. खंडाने घेतलेल्या रानासारखं समजा. रान कसायचं आपण, पण सातबारा दुसऱ्याच्या नावावर, आणि अटी त्याच्या. किती कॉम्प्युटरवर वापरायचं, किती वर्षं वापरायचं, दुसऱ्याला देता येईल का, हे सगळं त्या परवान्याच्या मजकुरात लिहिलेलं असतं. आपण तो मजकूर न वाचताच 'मान्य आहे' वर बोट ठेवतो. मीसुद्धा ठेवलंय.

इथे एक घोळ होतो तोही सोडवून टाकते. आपल्या केंद्राला सरकारची परवानगी असते, ती वेगळी. बिगरसरकारी संस्थांना सामुदायिक रेडिओ चालवायला केंद्र सरकारने २००६ च्या धोरणाने वाट मोकळी केली. त्यानंतर २००८ साली तेलंगणातल्या पस्तापूरला दलित शेतकरी बायकांचा संघम रेडिओ सुरू झाला, आणि त्याच साली आपल्या साताऱ्यात म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी. ती परवानगी हवेतून आवाज पाठवायची. सॉफ्टवेअरचा परवाना म्हणजे कॉम्प्युटरमधला कार्यक्रम लावायचं साधन वापरायची परवानगी. पहिली मिळाली म्हणून दुसरी मिळत नाही. दोन्हींच्या मुदती वेगळ्या, कागद वेगळे.

प्रसारणाचं सॉफ्टवेअर करतं काय? सकाळी सहाला सुरुवातीची धून, मग भूपाळी, मग बाजारभाव, मग मुलाखत, मध्ये जाहिरात, ही सगळी यादी आदल्या दिवशी लावून ठेवायची आणि ते ओळीने एकेक वाजवत जातं. माणूस तिथे नसला तरी चालतं. म्हणून ते बंद पडलं की हवेत नुसती शांतता जाते. ऐकणाऱ्या बाईला वाटतं आपला रेडिओच बिघडला.

आता सक्रिय करणं म्हणजे काय? सॉफ्टवेअर घेताना आकडे-अक्षरांची एक लांबलचक ओळ देतात, तिला परवाना-किल्ली म्हणा. ती टाकली की सॉफ्टवेअर आपल्या कॉम्प्युटरची ओळख काढतं. मदरबोर्डचा क्रमांक, हार्डडिस्कचा क्रमांक, नेटवर्क कार्डाचा क्रमांक, असं मिळून अंगठ्याच्या ठशासारखं काहीतरी तयार होतं. ही किल्ली आणि हा ठसा इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरला जातो. सर्व्हर आपल्या वहीत बघतो: ही किल्ली खरी आहे का? आधी किती कॉम्प्युटरना लावली आहे? मर्यादेत असेल तर हो म्हणतो, आणि सॉफ्टवेअर उघडतं.

तुम्हाला हे नवीन नाही. रेशनच्या दुकानात काय होतं? धान्य दुकानात, आपण दारात, कार्ड हातात. तरी यंत्रावर अंगठा ठेवायचा, आणि यंत्राने लांबच्या सर्व्हरला विचारायचं. रेंज नसली किंवा बाईचा अंगठा भांडी घासून झिजलेला असला की पिशवी रिकामी घेऊन परत. आमच्या कॉम्प्युटरचं तेच झालं. मदरबोर्ड बदलला म्हणजे अंगठा बदलला.

काही सॉफ्टवेअर हा ठसा एकदाच तपासतात. काही दर महिन्याला किंवा काही दिवसांनी पुन्हा विचारतात. ते हयातीच्या दाखल्यासारखं. पेन्शनवाली आजी जिवंत आहे हे दरवर्षी सांगावं लागतं, तसं आपला परवाना जिवंत आहे हे सॉफ्टवेअरला सांगत राहावं लागतं. इंटरनेट नसेल तर काही दिवसांची सवलत असते. सवलत संपली की कुलूप. आणि काही सॉफ्टवेअरबरोबर पेनड्राइव्हसारखी एक छोटी वस्तू येते, तिला डोंगल म्हणतात. ती लावलेली असेल तरच काम चालतं. त्याला इंटरनेट लागत नाही, पण हरवली किंवा मोडली तर पंचाईत.

कंपन्या हे का करतात, तेही सांगायला हवं. सॉफ्टवेअरची नक्कल काढायला काही लागत नाही. एकाने घ्यायचं आणि शंभरांनी वापरायचं. ज्यांनी वर्षानुवर्षं खपून ते तयार केलं त्यांचे पैसे बुडतात. आपल्या गटाने पापड लाटले आणि कुणी आपलं लेबल लावून विकले तर आपल्याला कसं वाटेल? तेव्हा त्यांची तपासणी अगदीच बिनकामाची नाही. २००१ साली विंडोज एक्सपी आलं तेव्हापासून घराघरातल्या कॉम्प्युटरना ही तपासणी माहीत झाली. ३० दिवसांत सक्रिय करा, नाहीतर बंद. त्यात एक बरं होतं, इंटरनेट नसेल तर फोन करूनही सक्रिय करता यायचं.

पण यात आपली बाजू कुठे दुबळी पडते ते बघा. परवाना कायमचा असला तरी तपासणारा सर्व्हर कायमचा नसतो. ॲडोबी नावाची मोठी अमेरिकन कंपनी आहे. रेडिओवाल्यांच्या ओळखीचं ऑडिशन नावाचं आवाज दुरुस्त करायचं सॉफ्टवेअर तिचंच. २०१२ च्या शेवटी तिने आपल्या काही जुन्या सॉफ्टवेअरना तपासणारा सर्व्हर बंद केला. त्यात ऑडिशनची तिसरी आवृत्तीही होती. ज्यांनी पैसे देऊन घेतलं होतं त्यांना नव्या कॉम्प्युटरवर ते सक्रिय करता येईना. मग कंपनीने जुन्या ग्राहकांसाठी तपासणी लागणार नाही अशी प्रत उपलब्ध करून दिली. म्हणजे इथे कंपनीने वाट काढली. पण वाट काढणं तिच्या हातात होतं, ग्राहकाच्या नव्हतं.

दुसरी गोष्ट २०१९ ची. दक्षिण अमेरिकेतल्या व्हेनेझुएला देशावर अमेरिकी सरकारने निर्बंध घातले. तेव्हा याच कंपनीने जाहीर केलं की त्या देशातल्या ग्राहकांची खाती बंद होणार. पैसे भरलेले लोक हवालदिल झाले. पुढे काही आठवड्यांत अमेरिकी सरकारची परवानगी मिळाली आणि निर्णय मागे घेतला. पण विचार करा, आपलं काम चालू राहणार की बंद पडणार हे दुसऱ्या देशातल्या कागदावर ठरतं.

आता पुन्हा आपल्या स्टुडिओत येऊ.

केबल तुटलेली होती म्हणून एका मुलीने आपल्या मोबाइलचं हॉटस्पॉट लावलं. सक्रिय करा दाबलं, तर 'सर्व्हरशी संपर्क होत नाही'. पुन्हा दाबलं, तेच. मोबाइलवर व्हिडिओ चालत होता, म्हणजे नेट होतं. दोन तास गेले. मग बारावीत शिकणारी आमची एक मुलगी, जी शनिवारी मुलांचा कार्यक्रम करते, ती म्हणाली, "मावशी, कॉम्प्युटरची तारीख बघा." बघितलं तर कोपऱ्यात वर्ष दाखवत होतं २०१०.

त्या जुन्या मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल संपलेला होता. घड्याळ चालू ठेवायला तो असतो. तो गेला की कॉम्प्युटर बंद केला रे केला, तारीख जुन्या वर्षात जाते. आणि सुरक्षित वेबसाइट असते तिच्या ओळखपत्रावर मुदत लिहिलेली असते. तारीख चुकीची असली की ते ओळखपत्र आपल्या कॉम्प्युटरला चालत नाही आणि जोडणी होत नाही. परवान्याची मुदत तपासणारं सॉफ्टवेअरही अशा वेळी गडबडतं. तारीख नीट केली, दुसऱ्या दिवशी नवा सेल बसवला. मोठ्या मनगटी घड्याळाच्या सेलएवढा असतो, फार पैसे पडत नाहीत.

तारीख नीट झाल्यावर सर्व्हर बोलला. म्हणाला, या किल्लीची मर्यादा भरली आहे. जुना कॉम्प्युटर आणि एक लॅपटॉप असे दोन त्याच्या वहीत होते. जुन्याचं नाव काढायचं असेल तर नोंदणीच्या ईमेलने आत या. आणि नोंदणीचा ईमेल कुणाचा? सहा वर्षांपूर्वी ज्या मुलाने हे सगळं बसवून दिलं त्याचा स्वतःचा. तो नोकरीला शहरात गेला, मोबाइल नंबर बदलला, कुणाकडे पत्ता नाही.

कंपनीला ईमेल केला. चौथ्या दिवशी उत्तर आलं: खरेदीचं बिल पाठवा, आणि नोंदणीच्या ईमेलवरून विनंती करा. बिल शोधायला एक दिवस. ते लेखापरीक्षणाच्या जुन्या फाइलमध्ये सापडलं. पण ईमेल तर त्या मुलाचाच.

आणि मग आला सोपा रस्ता. ओळखीतला एक मुलगा म्हणाला, "ताई, कशाला एवढं? माझ्याकडे क्रॅक आहे. पेनड्राइव्ह लावतो, पाच मिनिटांत उघडतं." क्रॅक म्हणजे कुलूप फोडलेली प्रत. खोटं सांगत नाही, माझं मन डगमगलं. दहावा दोन दिवसांवर आलेला. समितीची बैठक बोलावली. एक काकू म्हणाल्या, "आपण पैसे भरलेत ना? मग आपल्याच घराचं कुलूप फोडायला काय हरकत?" त्यांचं बोलणं मला खोटं वाटलं नाही. पण आमच्या खजिनदार ताईंनी दोन गोष्टी मांडल्या. एक, ती पेनड्राइव्ह कुठे कुठे लागली आहे कुणाला माहीत? अशा प्रतींबरोबर व्हायरस येतात. ओव्यांबरोबर बाकीचंही सगळं जायचं. दुसरी, कायदा.

कायदा नीट ऐका, कारण तुमच्यातल्या कितीतरी जणी झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मची दुकानं चालवतात. आपल्या देशात कॉम्प्युटरचा प्रोग्राम १९५७ च्या कॉपीराइट कायद्याखाली येतो, पुस्तकासारखाच. त्यातलं कलम ६३-ब सांगतं की चोरटी प्रत आहे हे माहीत असून कॉम्प्युटरवर वापरली, तर कमीत कमी ७ दिवस ते ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. धंद्यासाठी किंवा नफ्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद न देता ५० हजारांपर्यंत दंडावर सोडू शकतं. त्याच कायद्यात आपल्या बाजूचीही एक गोष्ट आहे. रीतसर घेतलेल्या प्रोग्रामची, हरवला-बिघडला तर असावी म्हणून, राखीव प्रत काढून ठेवायची मुभा कलम ५२ देतं. ती आम्ही काढलेली नव्हती.

सरकारच्या परवानगीवर चालणारं केंद्र, गटांच्या बायकांच्या नावाने चालणारं. क्रॅक नको असा ठराव झाला. एकमताने नाही झाला, दोघी नाराज होत्या. पण झाला.

दहावा गेला. तेरावाही गेला. आक्कांच्या लेकीला मी काय सांगावं? खरं तेच सांगितलं. ती काही बोलली नाही, नुसती मान हलवली. ते मला जास्त लागलं.

या दिवसांत प्रसारण मात्र एकदाही बंद पडलं नाही, ते बायकांच्या जिवावर. लॅपटॉप आणि मोबाइल थेट मिक्सरला जोडला. पहाटे साडेपाचला एक ताई यायची, दहाला दुसरी. कागदावर यादी लिहिलेली, घड्याळ समोर, एक गाणं संपलं की हाताने दुसरं लावायचं. जिला चूल सोडवत नव्हती ती डबा घेऊन यायची.

शेवटी तो मुलगा सापडला कसा माहीत आहे? गटांच्या मासिक बैठकीत मी त्याचं आडनाव सांगितलं, तर पलीकडच्या गावच्या गटातली एक मावशी म्हणाली, "अगं, तो माझ्या चुलत बहिणीचा जावई." संध्याकाळी नंबर आला. मुलगा भला. त्याने त्याच रात्री आपल्या ईमेलने आत जाऊन जुन्या कॉम्प्युटरचं नाव काढलं आणि खातं केंद्राच्या ईमेलवर करून दिलं. दहा मिनिटांचं काम. त्याला आमचे नऊ दिवस गेले.

चौदाव्या दिवशी सकाळी आक्कांच्या ओव्या लागल्या. लेक स्टुडिओत येऊन बसली होती. जात्याची घरघर सुरू झाली तशी तिने पदर तोंडाला लावला. संपल्यावर म्हणाली, "चार दिवस आधी हवं होतं, ताई. पण आवाज आहे ना अजून? मग जपून ठेवा." त्याच दिवशी आम्ही त्या ओव्या साध्या डब्ल्यूएव्ही आणि एमपीथ्री या पद्धतीत काढल्या. या पद्धतीच्या फाइल कुठल्याही मोबाइलवर, कुठल्याही कॉम्प्युटरवर वाजतात, कुणाला विचारावं लागत नाही. एक प्रत केंद्राच्या वेगळ्या डिस्कवर, एक संस्थेच्या कपाटात, एक पेनड्राइव्हवर लेकीच्या हातात. तसंही, लावलेला प्रत्येक कार्यक्रम प्रसारणापासून तीन महिने जपून ठेवणं आपल्या सरकारी परवानगीतच लिहिलेलं आहे. मग तो अशा पद्धतीत असावा की कधीही उघडेल.

आता तुम्ही विचाराल, कुलूप नसलेलं सॉफ्टवेअर नसतंच का? असतं. अमेरिकेतल्या रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली एक काम हाती घेतलं, की सॉफ्टवेअर कुणालाही वापरता यावं, बघता यावं, बदलता यावं आणि दुसऱ्याला देता यावं. १९८९ मध्ये त्यांनी त्यासाठी जीपीएल नावाचा परवाना लिहिला. म्हणजे यालाही परवाना असतोच, पण तो आपले हात बांधण्याऐवजी मोकळे करतो. अट एवढीच, की तुम्ही त्यात सुधारणा करून ते दुसऱ्याला दिलंत तर त्यालाही हेच सगळे हक्क द्यायचे. बियाण्यासारखं आहे. घरचं बी जपून ठेवलं तर पुढच्या वर्षी दुकानात जावं लागत नाही, आणि शेजारणीलाही ओंजळभर देता येतं.

आवाज दुरुस्त करायला ऑडॅसिटी हे असं मुक्त सॉफ्टवेअर आहे. २००० साली ते पहिल्यांदा लोकांना मिळालं. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात ते सुरू झालं. त्याला किल्ली नाही, सक्रिय करणं नाही, इंटरनेट नसलं तरी चालतं. त्या नऊ दिवसांत आमच्या सगळ्या मुलाखती त्यावरच झाल्या. पण एक ध्यानात ठेवा, ऑडॅसिटीही काम चालू असताना स्वतःच्या पद्धतीची फाइल ठेवतं. काम संपलं की डब्ल्यूएव्ही काढायचीच. प्रसारणाची यादी लावायला रिव्हेंडेल नावाचं मुक्त सॉफ्टवेअर आहे, ते लिनक्सवर चालतं. आपल्या देशात ग्राम वाणी या संस्थेने सामुदायिक रेडिओसाठीच ग्रिन्स नावाची प्रणाली तयार केली होती.

मुक्त आहे म्हणून सगळं सोपं असं मात्र मी सांगणार नाही. बसवायला जाणकार लागतो, शिकायला वेळ लागतो, अडलं तर फोन उचलणारी कंपनी नसते. आम्ही अजून दोन्ही वापरतो. यादी लावायला पैशांचं आणि आवाजाच्या कामाला मुक्त. एक जुना लॅपटॉप मात्र पूर्ण मुक्त सॉफ्टवेअरवर तयार ठेवलाय, मुख्य कॉम्प्युटर बंद पडला तर अर्ध्या तासात प्रसारण त्यावर नेता यावं म्हणून. महिन्यातून एकदा त्यावर सकाळचा एक तास चालवून बघतो.

हे सगळं रेडिओपुरतंच नाही. गटाचा हिशोब ॲपमध्ये ठेवता, ते कुणाच्या मोबाइल नंबरवर आहे? कॉम्प्युटरवर चालणारं भरतकामाचं यंत्र घेतलंय, त्याच्या नक्षीचं सॉफ्टवेअर डोंगलवर चालतं का? ऑनलाइन सेवा केंद्र चालवता, तिथलं सॉफ्टवेअर कुणाच्या ईमेलवर? दुकान बसवून देणारा भाचा उद्या नोकरीला गेला तर?

आता वही उघडा. विकत घ्यायच्या आधी विकणाऱ्याला हे प्रश्न विचारायचे.

पहिला: पैसे एकदाच की दरवर्षी? दरवर्षी असतील तर भरले नाहीत तेव्हा फक्त सुधारणा थांबतात की सॉफ्टवेअरच बंद होतं?

दुसरा: इंटरनेट किती दिवस नसलं तर चालेल? उत्तर लेखी घ्या.

तिसरा: किती कॉम्प्युटरवर चालेल, आणि कॉम्प्युटर जळाला तर परवाना नव्यावर कसा न्यायचा? काही कंपन्यांत पेनड्राइव्हवर विनंतीची फाइल घेऊन दुसऱ्या कॉम्प्युटरवरून सक्रिय करता येतं. ती सोय आहे का?

चौथा: आमचं काम साध्या पद्धतीत बाहेर काढता येईल का? आवाज असेल तर डब्ल्यूएव्हीत, हिशोब असेल तर साध्या तक्त्यात. समोर काढून दाखवा म्हणायचं.

पाचवा: अडलं तर फोन कुणाला, आणि रविवारी उचलतो का?

आणि घेतल्यावर घरात करायची कामं. ईमेल आणि मोबाइल नंबर संस्थेच्या किंवा गटाच्या नावाचा, एकट्या माणसाचा नाही. पासवर्ड दोघींना माहीत, आणि बंद पाकिटात खजिनदाराकडे. बिल, किल्लीची ओळ, मुदतीची तारीख एका वहीत. आम्ही त्याला परवाना वही म्हणतो, ती कर्जाच्या वहीशेजारी असते. मुदतीच्या आधी महिनाभर, भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने खूण. कॉम्प्युटर दुरुस्तीला किंवा पुसायला द्यायच्या आधी सॉफ्टवेअरमधूनच परवाना काढून घ्यायचा. कॉम्प्युटरची तारीख चुकीची दिसली की आधी सेल बदलायचा. आणि नवं सॉफ्टवेअर बसवलं की पहिल्याच आठवड्यात इंटरनेटची वायर काढून बघायची, चालतं की नाही. आम्ही ते केलं असतं तर त्या पावसाळ्यात एवढी धावपळ झाली नसती.

गटाची तिजोरी आपण कशी ठेवतो? तीन कुलपं, तीन किल्ल्या, तीन जणींकडे. वीस-पंचवीस हजारांसाठी एवढी काळजी घेतो. आपल्या आया-आज्यांचा आवाज, आपल्या दुकानाचा हिशोब, आपल्या केंद्राचं प्रसारण, त्याची किल्ली कुठे आहे हे आज संध्याकाळी एकदा बघा. पुढच्या मासिक बैठकीत मी विचारणार आहे, आणि ज्या गटाची परवाना वही तयार असेल त्या गटाने ती बैठकीत आणून दाखवायची आहे.

उद्या सकाळी सव्वासहाला आक्कांच्या ओव्या पुन्हा लागतील. जरूर ऐका.